दोघांच्या घराचं माप

लग्नात पाच लिटरचा कुकर हमखास येतो. कधी दोन येतात. शिवाय आईने दिलेली मोठी कढई, वीस पोळ्या मावतील असा डबा, पातेल्यांची उतरंड. नव्या घराची मापं चुकायला लागतात ती इथूनच. दोघंही चार-पाच माणसांच्या घरात वाढलेले, हाताला सवय तिथल्या मापाची. मूठभर तांदूळ जास्त पडतो, भाजी उरते, फ्रीजमध्ये तीन दिवस बसते आणि चौथ्या दिवशी ती टाकायची कोणी यावरून कुरबुर होते. कामांचंही तसंच. आपापल्या घरी कोण काय करत होतं तेच न बोलता इथे चालू होतं, फक्त मागे आवरायला आई नसते.

पुढचं सगळं दोघंही नोकरीला जाणारे, भाड्याच्या घरात राहणारे आणि दोन्हीकडची घरं दुसऱ्या गावी असणारे यांना धरून आहे. प्रेम आणि समजूतदारपणा यांवर सांगणारे पुष्कळ आहेत. इथे तांदूळ, गॅस, गीझर आणि पगार.

कुकरपासून. दोघांना तीन लिटरचा पुरतो, त्यात एकावर एक दोन लहान डबे बसतात. वाटी 150 मिलीची, म्हणजे आमटीची नेहमीची वाटी धरा. पोळ्या असतील तर दोघांत पाऊण वाटी तांदूळ, नुसता वरणभात असेल तर सव्वा ते दीड. तूरडाळ अर्धी वाटी, अर्धा तास भिजवलेली, तिप्पट पाणी, चिमूटभर हळद-हिंग, तेलाचे दोन थेंब. डाळीचा डबा खाली, भाताचा वर, तळाला दोन वाट्या पाणी. शिट्ट्यांवरून वाद होतात, "आमच्याकडे तीन करतात", "आमच्याकडे पाच". दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर असतात, कारण शिट्ट्यांवरून वेळ कळत नाही. आच मोठी असली की त्या पटापट होतात, बारीक असली की रेंगाळतात. पहिली शिट्टी झाली म्हणजे आत पूर्ण दाब आला आणि तापमान 120 अंशांच्या आसपास पोचलं. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी ते चढत नाही, नुसती वाफ आणि गॅस जातो. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक, घड्याळात दहा-बारा मिनिटं, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली की वरण उतू जाऊन भातात येतं.

तरीही डाळ शिजत नसेल तर तिघांपैकी कोणीतरी दोषी आहे. डाळ जुनी, पाणी जड, किंवा चिंच-आमसूल आधीच टाकलं. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीच्या पेशी घट्ट होतात आणि वीस मिनिटांनीही दाणा तसाच राहतो. अशा घरात डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापरा, फरक त्याच दिवशी दिसेल. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर.

उरलेल्या भाताबद्दल मात्र हयगय नको. रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायचा आणि फोडणी द्यायची ही अनेक घरांतली रीत आहे, पण शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू टिकून राहतात. उबदार हवेत ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवण झालं की ताटात पसरून गार करायचा आणि तास-दीड तासात फ्रीजमध्ये. फोडणीचा भात तसाही गार, सुट्या भाताचाच चांगला होतो.

पोळ्यांचा हिशेब सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही. मध्यम आकाराच्या घडीच्या पोळीला साधारण 25 ग्रॅम कोरडी कणीक लागते. सकाळच्या दोन डब्यांत तीन-तीन, रात्री दोन-दोन, अशा दिवसाला दहा पोळ्या म्हणजे 250 ग्रॅम कणीक आणि महिन्याला साडेसात किलो. 250 ग्रॅमला 150 ते 160 मिली पाणी, पाव चमचा मीठ, शेवटी दोन चमचे तेल लावून मळून अर्धा तास झाकून ठेवायची. गहू दळून आणत असाल तर एका वेळी दहा किलो ठीक, पावसाळ्यात पाचच. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. तसंच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पंधरा दिवसांत पोरकिडे दिसतात. पिशवीचं तोंड उघडं ठेवून पूर्ण निवलं की मगच भरायचं.

डब्यातली पोळी दुपारी कडक होते त्याला बहुतेक वेळा तवा कारणीभूत असतो. तवा पुरता तापलेला नसला की पोळी भाजायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती वाळते. उलट तव्यावरून थेट डब्यात गेली की घाम सुटून ओली होते. जाळीवर किंवा सुती फडक्यावर दोन मिनिटं ठेवून मग घडी. भिजवलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवायची तर तेलाचा हात लावून घट्ट डब्यात, आणि दुसऱ्या दिवसापुरतीच. काळी पडते ती हवेमुळे.

शिळ्यावरून होणारी भांडणं दिसायला फुटकळ असतात, पण त्यांची मुळं खोल जातात. एका घरात सकाळी फोडणीची पोळी म्हणजे मेजवानी, दुसऱ्या घरात शिळं फक्त गाईला. दोघंही आपल्या घरचीच रीत शहाणी समजतात आणि कोणी बोलून दाखवत नाही. यात तडजोड मागण्यापेक्षा उरणारच नाही इतकं करणं हा सरळ मार्ग. भाजी दोघांत पाव किलो. पालेभाजीची एक जुडी निवडल्यावर निम्मी होते आणि शिजून आणखी बसते, ती एका जेवणाची. दोन पोळ्या उरल्याच तर कुस्करून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी देऊन, वर पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून वाफ. जो शिळं खात नाही त्याला गूळ-तुपात मळलेला त्याच पोळीचा लाडू चालतो असं पुष्कळदा आढळतं. कारण विचारू नये.

आता आमटी. एक कोल्हापूरकडचा आणि एक पुण्याकडची असली की गूळ घालायचा की नाही हा प्रश्न महिनाभरात येतोच. एकाने आयुष्यभर दुसऱ्याच्या चवीचं खायचं कारण नाही, वरण एकच शिजवायचं आणि फोडण्या दोन द्यायच्या. शिजलेलं वरण घोटून दोन भाग करा. एका भागाला दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग वरण, वाटीभर गरम पाणी, चमचाभर गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. पाच मिनिटं उकळी. दुसऱ्याला दोन चमचे तेलात ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या आणि अर्धा कांदा लाल होऊ द्यायचा, मग गॅस बंद करून चमचाभर कांदा-लसूण मसाला, लगेच वरण. मसाला चालू आचेवर पडला तर तिखट जळतं, ठसका लागतो आणि आमटी कडवट होते. हळदीचंही तेच, फोडणीत ती शेवटी आणि तिच्यामागे लगेच ओलं काहीतरी पडलं पाहिजे. दुसऱ्या फोडणीला वेळ लागतो सहा मिनिटं आणि एक जादा कढली. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा एवढं जमतं.

भाजी आणण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींत पैसे जातात. रविवारी मंडईतून आठवड्याची आणली तर गुरुवारी कोथिंबीर सडते. दहा मिनिटांत घरपोच मागवली तर एकेका वेळी दोनशे रुपये जातात, ते डोळ्यांत येत नाहीत आणि महिनाअखेरीला किराण्याएवढे होतात. मंडईच बरी, पण क्रम ठरवून: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, गवार, वांगी, आणि शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा. कोथिंबीर धुवायची नाही. मुळं कापून, कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, म्हणजे आठवडा काढते. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवले तर बटाट्यांना लवकर कोंब येतात.

हे झालं मापाचं. कामाच्या वाटणीची गोष्ट गॅसवरून स्पष्ट होते. रात्रीचे पावणेनऊ, कढईत कांदा अर्धा परतलेला, आणि ज्योत बारीक होत होत विझते.

"अरे, गॅस संपला."

"मग बुक केला नव्हतास?"

"मी? नंबर तुझ्या मोबाइलला आहे."

"अगं, पण सांगायचंस ना. सांगितलं असतंस तर केला असता."

हे शेवटचं वाक्य म्हणणारा प्रामाणिक असतो. सांगितल्यावर तो खरंच करतो. पण प्रत्येक कामाचे तीन भाग असतात: ते करायला हवं हे लक्षात येणं, त्याची सोय लावणं आणि प्रत्यक्ष करणं. वाटणी करताना आपण फक्त तिसरा भाग मोजतो. सिलिंडर बुक करायला अर्धं मिनिट लागतं, तो कधी लावला होता हे दीड महिना डोक्यात ठेवणं हेच त्यातलं काम. ज्याच्या डोक्यात अशी पंचवीस कामं असतात तो काहीही न करता बसलेला दिसला तरी थकलेला असतो, आणि समोरच्याला खरोखरच कळत नाही की हिला किंवा ह्याला झालंय काय.

म्हणून कामं तुकड्यांत न वाटता अख्खी द्यावीत. गॅस, वीज, इंटरनेट, सोसायटी आणि घरमालक एकाकडे, तर किराणा, दूध, भाजी आणि स्वयंपाकाच्या बाई दुसऱ्याकडे. ज्याच्याकडे काम त्याच्याकडे आठवणही. आणि दिलं की दिलं: त्याने वेगळ्या कंपनीचा साबण आणला तर तो संपेपर्यंत वापरायचा. तीन-चार महिन्यांनी अदलाबदल करावी, नाहीतर एकाला कायमचं माहीत नसतं की दुधाच्या पिशव्या कोणत्या दुकानातून येतात.

गॅसपुरतं बोलायचं तर 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर दोघांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला साधारण दीड ते दोन महिने पुरतो. लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करायची. दोन-तीन सिलिंडर झाले की आपल्या घराचा आकडा कळतो. दुसरा सिलिंडर मिळत असेल तर घ्याच, आणि भरलेला जोडला त्याच दिवशी पुढचा बुक करा. घेताना सील बघा, वजन करून मागा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवले की भरलेल्याचं वजन येतं. वरच्या कड्याजवळ पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला परत पाठवा. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने बुडबुडे येतात का ते बघायचं, काडी पेटवून कधीच नाही. नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदला. गळतीची शंका आली तर 1906. डिलिव्हरीचा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल बाळगणारा नेमका त्या वेळी मीटिंगमध्ये असतो. सिलिंडर दारात, कोड कॉन्फरन्स रूममध्ये. म्हणून जो दिवसा फोन उचलू शकतो त्याचाच नंबर नोंदवा.

संपत आलेल्या वस्तूंसाठी एक नियम पुरे: शेवटचं पाकीट जो फोडेल त्याने फ्रीजवरच्या कागदावर लिहायचं. संपल्यावर नाही, फोडताना. चहापावडर, मीठ, भांड्यांचा साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या या चार गोष्टी नेहमी रात्री दहानंतरच संपतात.

आणि काम पूर्ण झालं कशाला म्हणायचं ते एकदा मोठ्याने बोलून घ्यावं. "ओटा आवरला" याचा अर्थ एकाच्या लेखी भांडी सिंकमध्ये गेली. दुसऱ्याच्या लेखी शेगडीचे स्टँड उचलून खालून पुसलं, मागच्या टाइलवरचे फोडणीचे शिंतोडे काढले, सिंकची जाळी रिकामी केली आणि फडकं पिळून वाळत टाकलं. दोघंही खरंच बोलत असतात. ही दुसरी यादी रोज लागते असं नाही. टाइल आठवड्यातून दोनदा पुरते, जाळी मात्र रोज, नाहीतर झुरळं येतात.

सकाळचं भांडण बाथरूमच्या दाराशी होतं. नेहमीचा 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर 25 अंशांचं पाणी 60 पर्यंत न्यायला 18 ते 20 मिनिटं घेतो आणि साधारण 0.6 युनिट वीज खातो. त्या 15 लिटरमध्ये गार पाणी मिसळून 40 अंशांचं, म्हणजे अंघोळीजोगं, 35 लिटर पाणी होतं. दोन बादल्यांच्या जवळपास. एका तापवण्यात दोघांची बादलीने अंघोळ होते, शॉवर घेतला तर पहिल्याचीही अर्धवट राहते, कारण साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. शॉवर हवाच असेल तर दोघांच्या अंघोळीत वीस मिनिटांचं अंतर ठेवा, मधल्या वेळात एकाने डबे भरावेत. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत टाकीतलं पाणीच गार असतं, तेव्हा आणखी पाच मिनिटं धरा. तीन लिटरचा झटपट तापणारा गीझर 3 किलोवॅटचा असतो, त्याला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट आणि जाड वायर लागते. भाड्याच्या जुन्या घरात साध्या पॉइंटवर तो लावला की प्लग वितळतो. विजेच्या बिलाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की 100 किंवा 300 युनिट ओलांडले की सगळं बिल चढ्या दराने येतं. तसं नाही, चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पाच युनिटांसाठी मे महिन्यात एसीवरून तोंडं फिरवायची गरज नाही.

कपड्यांचं थोडक्यात. दोघांचे आठवड्याला तीन लोड होतात: पांढरे-फिके, गडद, आणि चादरी-टॉवेल. ड्रम दोन-तृतीयांशच भरायचा. पावसाळ्यात वास येतो तो धुतलेले कपडे मशीनमध्ये दोन तास राहिल्यामुळे. मशीन लावणारा आणि वाळत घालणारा वेगळा असला की हे होणारच, तेव्हा दोन्ही एकाकडे द्या. जास्तीचा एक स्पिन आणि दोरीखाली टेबलफॅन. मशीनचं दार उघडं ठेवा. खिसे ज्याचे त्याने तपासायचे, कागदी रुमालाचा एक तुकडा गडद कपड्यांचा अख्खा लोड वाया घालवतो.

पोळ्यांच्या आणि भांड्यांच्या ताईंशी पहिल्याच दिवशी बोलायच्या गोष्टी: पोळ्या किती, भांडी एक वेळची की दोन, महिन्याला पगारी सुट्ट्या किती, दिवाळीला काय. दिवाळीला एक महिन्याचा पगार ही शहरांतली सर्वसाधारण रीत आहे. तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, तुमच्या सुट्टीचा भुर्दंड त्यांनी का सोसावा? त्यांचा खाडा मात्र आधी कळला पाहिजे, हे नीट सांगितलं तर बहुतेक जणी आदल्या दिवशी फोन करतात. त्यांच्याशी बोलणारी व्यक्ती एकच असावी. एकाने सांगितलं कमी तेल, दुसऱ्याने सांगितलं तूप लावा, की त्या दोघांचंही ऐकणं सोडतात. खाड्याच्या दिवशीची भांडी कोणाची हेही आधीच ठरलेलं बरं: स्वयंपाक केला त्याने भांडी घासायची नाहीत. आधी पेले-वाट्या, मग ताटं, शेवटी तेलकट कढया. कुकरला लागलेलं वरण गरम पाण्यात अर्धा तास भिजलं की हाताने निघतं.

पैशांबद्दल सरळ बोलावं, लाजण्यासारखं काही नाही. निम्मं-निम्मं हे न्याय्य वाटतं, पण पगार सारखे असतील तरच. उदाहरणासाठी एकाचा पगार 60,000 आणि दुसऱ्याचा 40,000 धरा. भाडं 22,000, घरकामाच्या ताई 4,500, किराणा 7,000, दूध 2,000, भाजी-फळं 4,000, वीज-गॅस-इंटरनेट 3,500, आणि वर्षाच्या खर्चासाठी बाजूला 8,000. एकूण 51,000. निम्मे केले तर प्रत्येकी 25,500, म्हणजे एकाच्या हातात 34,500 उरतात आणि दुसऱ्याच्या 14,500. पगाराच्या प्रमाणात केले तर 30,600 आणि 20,400, उरतात 29,400 आणि 19,600. दुसरी वाटणी बरी. उरलेल्या पैशांतून कोणी आईवडिलांना पाठवावे, कर्जाचा हप्ता भरावा की बूट घ्यावेत, हे ज्याचं त्याने ठरवावं. घरी पाठवायचा आकडा मात्र एकमेकांना माहीत असावा. लपवलेले पाच हजार सांगितलेल्या पंधरा हजारांपेक्षा महाग पडतात.

ते 8,000 कशाचे? नवी घरं चुकतात ती याच जागी. महिन्याचं बजेट सगळे करतात, वर्षातून एकदा येणारे खर्च कोणी धरत नाही. गाडीचा विमा 7,000, आरोग्य विमा 18,000, दिवाळी (कपडे, फराळ, ताईंचा बोनस धरून) 25,000, गणपतीला आणि एरवी गावी जाणं-येणं 16,000, आहेर 12,000, भाडेकरार आणि एजंट 10,000, दुरुस्त्या 8,000. बेरीज 96,000, भागिले बारा. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण आहेराची ओळ गाळू नका. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात दोन्हीकडच्या नात्यांतली लग्नं, मुंजी, बारशी सगळी एकदम येतात आणि तुम्हाला मिळालेल्या पाकिटांची वही दोन्ही आयांकडे असते.

कागदपत्रांत चारच गोष्टी तातडीच्या. भाडेकरारात दोघांची नावं घाला, पत्त्याचा पुरावा दोघांना लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोटरीवर भागतं हे खरं नाही. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावे, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कोणालाही एकट्याने व्यवहार करता येईल असं. विवाहनोंदणी राहिली असेल तर उरकून घ्या, पासपोर्टपासून विम्यापर्यंत तो दाखला मागतात. आणि पीएफचं नामांकन लग्नानंतर दोघांनीही नव्याने भरा. नोकरीला लागताना भरलेलं तसंच पडून असतं.

सणांचं वेळापत्रक हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्या वर्षी संक्रांतीला हलव्याचे दागिने, श्रावणात मंगळागौर, मग दिवाळसण, आणि मध्ये अधिक महिना आला तर जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. प्रत्येकाला दोघांची रजा लागते. जानेवारीत दोन्ही ऑफिसांच्या सुट्ट्यांची यादी कॅलेंडरवर मांडून मग दोन्ही घरी फोन करावा, उलट क्रमाने केलं की आधी शब्द दिला जातो आणि नंतर रजा नाकारली जाते. आपल्या आईला नाही म्हणायचं असेल तर ते आपण म्हणायचं. सुनेने किंवा जावयाने सांगितलेला नकार वर्षानुवर्षं लक्षात राहतो, पोटच्या मुलाचा आठवड्यात विरतो.

दोन्ही घरी गणपती असतील तर चतुर्थी एका घरी, गौरी दुसऱ्या घरी, आणि पुढच्या वर्षी उलट, ही वाटणी बहुतेक आईवडील कुरकुरत का होईना मान्य करतात. गौरी तीन दिवसांच्या असतात, आवाहन, पूजन आणि विसर्जन. त्यातला पूजनाचा दिवस तरी चुकू नये असं गौरींच्या घरच्यांना वाटतं. कोकणात जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता, आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात. परतीचा प्रवास चार-पाच दिवसांनी असल्यामुळे त्याचं आरक्षणही चार-पाच दिवसांनी उघडतं, आणि जाण्याचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात नेमकं तेच राहून जातं. एकाने जाण्याचं काढायचं, दुसऱ्याने येण्याचं, आणि गजर दोघांनी आपापल्या मोबाइलवर आजच लावून ठेवायचा.